अंडे कोणाचे, चोर कोण?

मुलांसाठी काढलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्या भागाच्या पुण्याईवर जन्माला येतो आणि त्याच पुण्याईच्या मापाने मोजला जातो. त्यामुळे ज्या प्रेक्षकांनी पहिल्या भागाला डोळे पुसत दाद दिली असेल, तेच दुसऱ्या भागाची सर्वांत कठोर झडती घेतात. 'द लँड बिफोर टाइम' या डायनोसॉरांच्या ॲनिमेशनपटाच्या बाबतीत हा अनुभव विशेष तीव्रतेने आला. डॉन ब्लूथ यांनी दिग्दर्शित केलेला आणि स्टीव्हन स्पीलबर्ग व जॉर्ज लुकास यांचे पाठबळ लाभलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. लिटलफूट नावाच्या लांब मानेच्या पिल्लाची आई एका हिंस्र टिरॅनोसॉरसशी झुंजताना प्राणास मुकते आणि ते पोरके पिल्लू चार सवंगड्यांसह सुजलाम खोऱ्याच्या शोधार्थ निघते, एवढेच काय ते त्याचे कथानक. परंतु त्यातील काही दृश्ये बालकांना झेपणार नाहीत या भयाने प्रदर्शनापूर्वीच कापावी लागली, यावरून त्याच्या प्रकृतीचे गांभीर्य ध्यानी येईल.

दुसरा भाग, 'द ग्रेट व्हॅली ॲडव्हेंचर', डिसेंबर १९९४ मध्ये आला तो चित्रगृहांत न जाता थेट व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने. ब्लूथ, स्पीलबर्ग आणि लुकास हे तिघेही त्यात नव्हते, दिग्दर्शनाची जबाबदारी रॉय ॲलन स्मिथ यांच्याकडे होती, आणि मृत्यूची छाया असलेल्या कथेच्या जागी आता गाणी, खोड्या व पाठलाग आले होते. समीक्षकांनी रेषेतला पातळपणा आणि गाण्यांची भर यांवर बोट ठेवले, पहिल्या चित्रपटावर जीव जडलेल्या मोठ्यांना तो पोरकट वाटला. मात्र ज्यांच्यासाठी तो काढला होता त्या चिमुकल्यांनी त्यास इतके आपलेसे केले, की पुढल्याच वर्षी तिसरा भाग आला आणि २०१६ पर्यंत एकूण तेरा उत्तरभाग निघाले. निरनिराळ्या युगांतले प्राणी एकाच खोऱ्यात नांदवल्याची शास्त्रीय तक्रारही जुनी आहे. ती खरी असली तरी फारशी फलदायी नाही. लिटलफूटचे ॲपॅटोसॉरस कुळ टिरॅनोसॉरसच्या सुमारे ८ कोटी वर्षे आधीचे आहे, हे एकदा सांगून टाकले की त्या तक्रारीत सांगण्यासारखे आणखी काही उरत नाही.

या तक्रारींच्या गलबल्यात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, ती ही, की हा दुसरा भाग आरंभापासून अखेरपर्यंत एका अंड्याची कथा आहे. ओझी आणि स्ट्रट हे शहामृगासारख्या बांध्याचे दोन डायनोसॉर लिटलफूटच्या सवंगड्यांपैकी डकीच्या घरट्यातील अंडे पळवतात; ही पोरे त्यांच्या मागे धावत खोऱ्याबाहेर जातात, आणि तेथे सापडलेले एक मोठे अंडे डकीचेच समजून घरी आणतात. त्यातून निघतो चॉम्पर, टिरॅनोसॉरसचे पिल्लू. लिटलफूट त्याचा सांभाळ करू लागतो. तोच डोंगरकडा ढासळून पडलेल्या खिंडारातून दोन प्रचंड टिरॅनोसॉरस खोऱ्यात शिरतात. रहिवासी त्यांना घातकी आक्रमक समजून हवालदिल होतात. पण ते असतात चॉम्परचे आईबाप, आपले पोर शोधीत आलेले.

अंड्याजवळ जो दिसला तो चोर, की ज्याचे अंडे तो पालक? बालिश वाटणाऱ्या या प्रश्नावर पुराजीवशास्त्राने सत्तर वर्षे चुकीचा निकाल कायम ठेवला होता, आणि तो निकाल फिरला तो नेमका हा चित्रपट बाजारात येण्याच्या सुमारास.

१९२३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात उतरली असता तेथील तांबड्या कड्यांत डायनोसॉरांच्या अंड्यांची घरटी सापडली. आसपास प्रोटोसेरॅटॉप्स या शाकाहारी प्राण्याचे सांगाडे विपुल असल्याने अंडी त्याचीच, असे सर्वांनी बिनतक्रार गृहीत धरले. त्यांतल्या एका घरट्यावर, अंड्यांपासून चार बोटांच्या अंतरावर, एका निराळ्याच, दात नसलेल्या चोचीच्या लहानशा डायनोसॉरचा सांगाडा पडलेला होता. परक्याच्या घरट्यावर मुद्देमालासह सापडलेल्या या इसमाची कैफियत ऐकून घेण्याचे कोणास प्रयोजन वाटले नाही. १९२४ मध्ये हेन्री फेअरफील्ड ऑसबर्न यांनी त्यास 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडीचोर, हे नाव देऊन टाकले. या नावाने प्राण्याच्या आहाराविषयी आपली दिशाभूलही होऊ शकेल, अशी पुस्ती खुद्द ऑसबर्न यांनी जोडली होती. पण नाव दफ्तरी दाखल झाल्यावर पुस्ती कोण वाचतो?

१९९३ मध्ये त्याच संस्थेचे मार्क नोरेल व त्यांचे सहकारी गोबीतच उखा तोलगोद या ठिकाणी काम करीत असताना त्यांना झिजून अर्धे उघडे पडलेले तशाच घडणीचे एक अंडे मिळाले. आत इवलीशी कवटी, कणा आणि पाय दुमडून बसलेला गर्भ होता, आणि तो प्रोटोसेरॅटॉप्सचा नसून ओव्हिरॅप्टरच्या कुळातला होता. हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी 'नेचर'मध्ये त्याच कुळातील एका प्रौढ प्राण्याचे वर्णन आले. तो अंड्यांच्या कड्याच्या मध्यभागी मागचे पाय अंगाखाली दुमडून, पुढचे दोन्ही हात अंड्यांवर पसरून, उबवणाऱ्या पक्ष्याच्या बैठकीत वाळूखाली गाडला गेला होता. या जातीस पुढे 'चितिपती' असे नाव मिळाले. सत्तर वर्षे फिर्याद चालली ती अशा प्रकारे पित्यावर वा मातेवरच चालली होती. हे कुळ अगदीच निष्पाप होते असेही नव्हे. ज्या घरट्यात तो गर्भ सापडला, तेथेच दुसऱ्या जातीच्या नवजात पिल्लांच्या दोन कवट्याही मिळाल्या, आणि त्या उबवणाऱ्याने आणलेल्या भक्ष्याच्या असाव्यात, ही शक्यता नाकारता येत नाही. पण अंडीचोरीचा मूळ आरोप काही शाबीत झाला नाही.

अशा वेळी आलेल्या चित्रपटात दोन अंडीचोर अंड्यांच्या स्तुतिपर गाणे गात बागडत असतात. कथा व चित्रे नोव्हेंबरपूर्वीच पुरी झालेली असणार, म्हणून त्याचा दोष कर्त्यांना देणे अन्यायाचे होईल. शिवाय त्यांनी एक गंमत अशी करून ठेवली आहे, की या जोडीतल्या स्ट्रटला अंड्यांपेक्षा पाला अधिक रुचतो आणि ओझी त्याच्या तोंडातला हिरवा घास झटकून टाकतो. हे दोघे ज्या शहामृगसदृश कुळातले, त्या कुळाच्या चीनमधील सांगाड्यांत पोटाच्या जागी बारीक खड्यांचे पुंजके आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. दात नसलेले अनेक पक्षी चिवट वनस्पती दळण्यासाठी असेच खडे गिळतात. तेव्हा हे कुळ शाकाहाराकडे झुकलेले होते, हा निष्कर्ष ओघानेच आला. विनोदासाठी लिहिलेला स्ट्रटचा चोरटा पालाच शास्त्राच्या कसोटीस उतरला.

पोटच्या पोरासाठी धावून येणारे टिरॅनोसॉरस दांपत्यही वाटते तितके काल्पनिक नाही. टिरॅनोसॉरसचे निःसंशय म्हणता येईल असे अंडे अद्याप हाती आलेले नाही. २०२१ मध्ये वर्णिलेल्या, त्याच्या कुळातील गर्भाच्या जबड्यावरून आणि एका नखावरून नवजात पिल्लू सुमारे ३ फूट लांबीचे असावे, असा अंदाज निघाला. परंतु डायनोसॉरांचे आज जिवंत असलेले दोन निकटचे आप्त, मगर आणि पक्षी, दोघेही घरट्याची राखण करतात. मगरीण तर अंड्यातून निघालेली पिल्ले जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. दोन्ही आप्तांत जो स्वभाव आहे तो त्यांच्यामध्ये बसणाऱ्या प्राण्यातही असावा, हे अनुमान भक्कम पायावर उभे आहे. लिटलफूटला पाहताच चॉम्पर त्यास बिलगतो, यातही तथ्याचा अंश आहे. अंड्यातून निघताच चालू लागणारे हंसाचे पिल्लू प्रथम दिसलेल्या हलत्या आकृतीस आई मानते, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ च्या सुमारास दाखवून दिले होते.

उलट ज्या मातृप्रेमाने पहिल्या भागाच्या प्रेक्षकांना रडवले, त्याचाच आधार डळमळीत ठरला आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात लॅमेटा शिळांमध्ये आढळलेल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही अंडी लांब मानेच्या टायटॅनोसॉर कुळाची. घरटी इतकी दाटीने मांडलेली होती, की तो प्रचंड देह त्यांच्यामधून फिरता तर स्वतःचीच संतती तुडवता. अंडी पुरून निघून जायचे आणि पिल्लांनी आपले आपण पाहायचे, असाच त्यांचा रिवाज असावा, असे अभ्यासकांना वाटते. 

गुजरातेत धोली डुंगरी येथे याच लॅमेटा शिळांत १९८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना एका टायटॅनोसॉरच्या घरट्यात अंडी व बारीक हाडे मिळाली; ती सारी नवजात डायनोसॉरची, असे त्यांनी वर्णन केले. पुढे २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांना त्या हाडांत सर्पाचे मणके ओळखू आले, आणि २०१० मध्ये 'सनाजेह इंडिकस' हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा सर्प जगापुढे आला. एका फुटलेल्या अंड्याभोवती त्याने वेटोळे घातले होते, शेजारी दोन अखंड अंडी होती, आणि अर्ध्या मीटरचे पिल्लू जवळच पडले होते. आजच्या अजगरासारखा जबडा ताणण्याची सोय त्याला नव्हती, त्यामुळे अखंड अंडे गिळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याचा डोळा होता तो अंड्यातून बाहेर येणाऱ्या कोवळ्या जीवावर.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. गोबीत घरट्यावर सापडलेल्यास चोर मानले, तो पालक निघाला. गुजरातेत घरट्यात सापडलेल्यास घरचे पोर मानले, तो भक्षक निघाला. सामीप्याचा पुरावा दोन्हीकडे सारखाच होता आणि दोन्हीकडे अपुरा होता. निकाल लागला तो कवचातल्या गर्भाने, दुमडलेल्या पायांनी, जबड्याच्या सांध्याने आणि मणक्यांच्या घडणीने. खोऱ्यातील रहिवाशांनीही नेमकी हीच गफलत केली: शिरलेले पशू मांसाहारी दिसले, तेवढ्यावरून त्यांच्या येण्याचा हेतू ठरवून टाकला. दुसऱ्या भागाला पोरकट म्हणणाऱ्यांनी गाण्यांविषयी केलेली तक्रार मला मान्य आहे, रेषेविषयीची तर निःसंशय मान्य आहे. मात्र पहिल्या भागाहून तो बुद्धीने उणा आहे, हा शेरा मला मंजूर नाही. पहिल्या भागात टिरॅनोसॉरस म्हणजे केवळ दुष्टपणाला फुटलेले दात होते. दुसऱ्याने त्यास घर, जोडीदार आणि अपत्य दिले, आणि ज्याला आपण भक्षक म्हणतो तोही कोणाचा तरी पालक असतो, ही जीवशास्त्रातील प्राथमिक गोष्ट पाच-सहा वर्षांच्या मुलांस तासाभरात उमगेल अशा रीतीने सांगितली. बालप्रेक्षकांनी चॉम्परचा जो स्वीकार केला, तो मोठ्यांच्या अभिप्रायापेक्षा मला अधिक शास्त्रशुद्ध वाटतो.