हिरडीखालचा रोग, श्वासातला वास: कुत्र्यांच्या दातांविषयीचे गैरसमज

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, ही समजूत कुत्रा पाळणाऱ्या घरांत इतकी रुजलेली आहे की, वास वाढत गेला तरी पशुवैद्याकडे जाण्याऐवजी कुत्र्याला तोंडाजवळ येऊ न देण्यावरच भागवले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की, निरोगी तोंडाच्या कुत्र्याच्या श्वासाला फार तर नुकत्याच खाल्लेल्या अन्नाचा सौम्य वास असतो; कुजका आणि जवळ बसवत नाही असा वास सतत येत असेल, तर तो बहुतेक वेळा हिरड्यांच्या रोगाचे लक्षण असतो, आणि प्रौढ कुत्र्यांत या रोगाइतका सर्रास आढळणारा दुसरा आजार क्वचितच असेल.

हा वास तयार कसा होतो, ते समजले की पुढचे बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात. स्वच्छ दातावर लाळेतील प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा धरतो, त्यावर जिवाणू चिकटतात आणि सुमारे 24 तासांत त्यांचा मऊ, चिकट थर तयार होतो. या थराला प्लाक म्हणतात. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यात साचून दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो, आणि त्याचे दातांवर दिसणारे पिवळे-तपकिरी कीटण बनते. प्लाक हिरडीच्या कडेखाली सरकला, की हिरडी सुजून दातापासून सुटते आणि मध्ये खाच पडते. या खाचेत प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून प्राणवायूविना जगणारे जिवाणू तेथे वाढतात. ते प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन यांसारखे गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. सडक्या अंड्याला जो वास येतो, तो यांपैकी पहिल्या वायूचाच. म्हणजे हा वास हिरडीच्या खाली, हाडाच्या शेजारी निर्माण होत असतो, आणि त्यामुळेच पाण्यात टाकायचे सुगंधी द्रव किंवा पुदिन्याच्या स्वादाची बिस्किटे तो घटकाभर झाकतात, त्याच्या मुळाशी पोहोचत नाहीत.

कीटण दिसते म्हणजे रोग आहे आणि दात पांढरे दिसतात म्हणजे तोंड निरोगी आहे, हा याच्या शेजारचाच गैरसमज. कीटण स्वतः फारसे अपाय करत नाही. त्याचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकला थारा देतो, एवढाच त्याचा दोष. रोगाची खरी खूण कुत्र्याचा वरचा ओठ बोटाने हलकेच उचलून सुळ्यामागच्या दाढांकडे पाहिले असता दिसते: दात आणि हिरडी जेथे मिळतात, तेथे निरोगी कुत्र्यात फिकट गुलाबी, धारदार कड असते, आणि रोग सुरू झालेल्या कुत्र्यात त्याच जागी लालबुंद रेघ उमटलेली असते, जिला कापसाचा बोळा लागला तरी रक्त येते. ही पहिली अवस्था, आणि एवढीच अवस्था पूर्णपणे भरून येणारी आहे. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड यांचा आधार एकदा सुटू लागला, की तो परत मिळवणे सहसा शक्य होत नाही. हा आधार 25 टक्क्यांपर्यंत गेला तर दुसरी अवस्था, 50 टक्क्यांपर्यंत गेला तर तिसरी आणि त्यापुढे चौथी, अशी पशुदंतवैद्यकातील विभागणी आहे. लहान जातींच्या कुत्र्यांत, म्हणजे पॉमेरेनियन, पग, शिह त्झू यांच्यात, चिमुकल्या जबड्यात मोठ्या कुत्र्यांइतकेच 42 दात दाटीवाटीने बसलेले असल्यामुळे हा प्रवास फार लवकर होतो, आणि खालचा जबडा इतका पोखरला जाऊ शकतो की साध्या उडीनेही तो मोडावा.

गोड खाऊन कुत्र्याचे दात ‘किडले’, असे म्हटले जाते, तेव्हा माणसाचा अनुभव कुत्र्यावर लादला जात असतो. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते आणि त्याचे बरेचसे दात टोकदार असल्याने अन्न अडकून राहायला सपाट जागा कमी असते. परिणामी दातांना भोके पाडणारी कीड कुत्र्यांत तुलनेने क्वचित आढळते. पण जी अल्कधर्मी लाळ किडीपासून वाचवते, तीच क्षार साचण्यास अनुकूल असते, म्हणून कीड नाही याचा अर्थ दातांची चिंता नाही, असा घेता येत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दात कोण घासते, हा प्रश्न दातांच्या काळजीविरुद्ध हमखास पुढे केला जातो. त्याचे सरळ उत्तर असे की, रस्त्यावरचे बहुतेक कुत्रे अपघात, रोगराई आणि उपासमार यांमुळे थोडीच वर्षे जगतात, तर घरातला कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो, आणि हिरड्यांचा रोग हा वर्षांबरोबर साचत जाणारा रोग आहे. शिवाय निसर्गात राहणाऱ्या श्वानकुळातील प्राण्यांचे तोंड निर्दोष असते, हेही खरे नाही. आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या कवट्या अभ्यासल्या असता झिजलेले आणि मोडलेले दात, तसेच हिरड्यांच्या रोगाने झिजलेले हाड त्यांतही आढळले आहे. घासण्याचा उपयोग होतो का, याचा पुरावा मात्र अर्ध्या शतकापूर्वीचा आहे. लिंडे, हाम्प आणि लो या संशोधकांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या चार वर्षांच्या अभ्यासात बीगल जातीच्या कुत्र्यांच्या एका गटाचे दात दिवसातून दोनदा घासले गेले आणि दुसऱ्या गटाच्या दातांवर प्लाक साचू दिला गेला. घासलेल्या गटाच्या हिरड्या चारही वर्षे निरोगी राहिल्या, तर दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्र्यांत दातांचा हाडी आधार झिजला. मूळ प्रयोग माणसाच्या पायरियाचे कारण उलगडण्यासाठी होता. कुत्र्याच्या तोंडाविषयीचा इतका स्वच्छ पुरावा त्यातून मिळाला असूनही तो कुत्र्यांच्या मालकांपर्यंत पोहोचलेला नाही, हे खेदाचे आहे.

हाडे चघळल्याने दात आपोआप साफ होतात, या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. हाड चघळताना दाताच्या वरच्या भागावरचे कीटण काही प्रमाणात निघते, हे खरे. परंतु हिरडीखालच्या खाचेत हाड पोहोचत नाही, आणि वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ, म्हणजे मांस कातरण्याचे काम करणारा त्या जबड्यातला सर्वांत मोठा दात, हाडावर दाबली गेली की तिची बाहेरची कपची उडते. दाताच्या आतला मऊ, रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला गाभा उघडा पडतो, जंतू मुळापर्यंत उतरतात, आणि काही महिन्यांनी कुत्र्याच्या डोळ्याखाली गाठ येते, जी घरच्यांना डोळ्याचा आजार किंवा कीटकदंश वाटते. मटणाची शिजवलेली हाडे तर फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. एखादी चघळण्याची वस्तू सुरक्षित आहे का, हे पाहण्याची साधी कसोटी म्हणजे तिच्यावर अंगठ्याचे नख दाबणे. नखाचा ठसा उमटत नसेल, तर ती वस्तू दातासाठी कठीण आहे. शिंगे, खूर आणि टणक नायलॉनची खेळणी या कसोटीला उतरत नाहीत.

कोरड्या गोळ्यांचे अन्न दात घासते, हेही अर्धसत्यच. साधी गोळी दाताचे टोक लागताच फुटते आणि हिरडीच्या कडेपर्यंत दात तिच्यात शिरतच नाही. तंतूंची विशिष्ट रचना असलेल्या, खास दातांसाठी बनवलेल्या मोठ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा उत्पादनांची पारख करून आपले चिन्ह देण्यासाठी अमेरिकेत 1997 साली पशु-मुखआरोग्य परिषद स्थापन झाली, आणि ते चिन्ह असलेल्या वस्तूंच्या मागे निदान काही प्रयोगांचा आधार असतो.

सर्वांत जास्त सावधगिरी हवी ती घरगुती उपायांबाबत. माणसाची टूथपेस्ट कुत्र्याला चालते, असा समज आहे. पण कुत्रा चूळ भरत नाही, तो पेस्ट गिळतो, आणि तिच्यातील फ्लोराइड व फेस आणणारी द्रव्ये त्याच्या पोटात जातात. काही पेस्टमध्ये आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचे गोडी आणणारे द्रव्य असते. माणसाला निरुपद्रवी असणारे हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडते; वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम एवढी मात्राही रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते, आणि त्याहून मोठी मात्रा यकृत निकामी करते. महाराष्ट्रात अजूनही अनेक घरांत असलेली मिश्री ही भाजलेली तंबाखू असून तिच्यातील निकोटीन कुत्र्याला विषासमान आहे, तर टी-ट्री तेलाचा बोळा फिरवणेही तितकेच घातक ठरते. खाण्याच्या सोड्यातून अनावश्यक सोडियम पोटात जाते. कुत्र्यांसाठीच बनवलेली, गिळली तरी चालणारी, कोंबडीच्या किंवा तत्सम स्वादाची पेस्ट वापरावी. ती मिळाली नाही, तर नुसत्या पाण्याने भिजवलेला मऊ ब्रशही पुरतो, कारण प्लाक घासण्यानेच निघतो आणि पेस्ट केवळ कुत्र्याला ते काम गोड वाटावे म्हणून असते.

कुत्रा दात घासू देत नाही, ही तक्रार बहुधा पहिल्याच दिवशी तोंड उघडून ब्रश आत घातल्यामुळे उद्भवते. वास्तविक तोंड उघडण्याची गरजच नसते, कारण प्लाक मुख्यतः दातांच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला साचतो. पहिले काही दिवस फक्त ओठाखाली बोट फिरवावे, मग बोटाला ओले फडके गुंडाळावे, मग बोटावर पेस्ट चाटू द्यावी, आणि दोन-तीन आठवड्यांनी ब्रश आणून तो हिरडीच्या कडेला साधारण 45 अंशांत टेकवून छोट्या गोलाकार हालचालींनी फिरवावा. पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांत कायमचे दात येतात, तोवर ही सवय लागलेली असावी. आठवड्यातून एकदा घासणे जवळजवळ निरर्थक आहे, कारण थर घट्ट होण्यास दोन-तीन दिवस पुरतात.

भूल न देता दात खरवडून घेणे अधिक सुरक्षित असते, हा अलीकडे पसरलेला समज वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. जाग्या कुत्र्याच्या दातांचा फक्त दिसणारा भाग खरवडता येतो. हिरडीखालची खाच मोजणे, ती साफ करणे आणि मुळांचे एक्स-रे काढणे शक्य नसते, म्हणून दात चमकतात आणि रोग तसाच राहतो. भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसवली, की पाणी व जंतूंचा तुषार फुफ्फुसात जात नाही, आणि आधी रक्ततपासणी केलेल्या, नीट देखरेखीखालील कुत्र्यात, अगदी वृद्ध कुत्र्यातही, भुलीचा धोका उघड्या जंतुसंसर्गापेक्षा बहुधा कमी असतो. नुसत्या प्रतिजैविकांनीही हे साधत नाही. वास आठवडाभर कमी होतो आणि चिकट थरात सुरक्षित बसलेले जिवाणू पुन्हा वाढतात.

वास दातांचाच असतो, असे मात्र नाही. मूत्रपिंडे निकामी होत असताना श्वासाला अमोनियासारखा, तर मधुमेह बिघडला असता गोडसर वास येतो. तोंडातील कर्करोगाच्या गाठी, टाळूत आडवी अडकलेली काडी, स्पॅनियल किंवा बुलडॉगच्या खालच्या ओठाच्या घडीत कुजलेली त्वचा, हीही कारणे असतात. येथे एका गैरसमजाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्याची किंमत माणसाचा जीव असू शकते. कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, असे दिसले की घशात हाड अडकले असावे असे समजून हात घातला जातो. अर्धांगवायूच्या स्वरूपातील रेबीजची लक्षणे नेमकी हीच असतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्याला बोलवावे, आणि हाताला लाळ लागलीच असेल तर तो साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालय गाठावे.

शेवटी, कुत्रा जेवतो आहे म्हणजे त्याला दुखत नाही, या समजुतीविषयी. वेदना लपवणे ही कुत्र्याची उपजत वृत्ती असल्याने मुळापर्यंत सडलेला दात असतानाही तो जेवत राहतो. फक्त घास एका बाजूने चावतो, कडक तुकडा तोंडातून टाकून पुन्हा उचलतो, आवडते खेळणे सोडून देतो, डोक्यावरून हात फिरवताना मान मागे घेतो. ही सारी लक्षणे वयाच्या नावावर जमा होतात. असे दात काढून टाकले तर कुत्रा खाणार कसा, ही भीतीही निराधार आहे: कुत्रा माणसासारखा अन्न दळत बसत नाही, आणि बहुतेक दात गेलेला कुत्रा भिजवलेल्या गोळ्या किंवा मऊ भात-मांस निवांत खातो. पुष्कळदा दात काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत म्हातारा समजला गेलेला तो कुत्रा कोपऱ्यात पडलेला चेंडू स्वतःहून उचलून आणतो.