बाक क्वाची रांग

जानेवारी २०२५. सकाळचे साडेआठ. सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये, न्यू ब्रिज रोडवरच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि रांग कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत शिरलीये. चिनी नववर्ष येत्या बुधवारी, २९ तारखेला. सगळे उभे आहेत ते बाक क्वासाठी.

आत निखाऱ्यांवर जाळ्या चढल्यात. डुकराच्या मांसाला साखर, सोया सॉस आणि मसाला लावायचा, ते पातळ पसरून मंद आचेवर सुकवायचं, चौकोनी तुकडे कापायचे आणि मग कोळशावर भाजायचे. कडा करपतात, साखर चकाकते, धुराचा गोडसर वास रस्ताभर पसरतो. चीनच्या फूच्यान प्रांतातून आलेल्या लोकांनी ही कृती इथं आणली. मांस सणासुदीलाच परवडायचं, त्या काळापासून सणाच्या भेटीत बाक क्वाला हा मान आहे.

माझ्यापुढे सत्तरीच्या एक आंटी घडीच्या स्टुलावर बसल्यात. पहाटे पाचला आल्या आहेत. फलकावर किलोचा भाव सत्तर सिंगापूर डॉलरच्या पुढे, आपले साडेचार हजार रुपये तरी झाले. पूर्वी त्या दोन किलो नेत. आज एकच नेणार. अर्धा व्याह्यांना, उरलेला नातवंडांना.

"व्याह्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?" त्या विचारतात.

भाव वाढायला कारणं आहेत. सिंगापुरात डुकरं पाळली जात नाहीत, सगळं मांस बाहेरून येतं. इंडोनेशियाच्या पुलाऊ बुलान बेटावरून येणारी जिवंत डुकरं एप्रिल २०२३ पासून आफ्रिकन स्वाइन फिव्हरमुळे कित्येक महिने बंद होती. जीएसटी २०२४ पासून ९ टक्के झालाय. दुकानाचं भाडं आणि निखाऱ्यापुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसांची मजुरी वेगळीच.

हे सगळं मान्य. पण सण जवळ येतो तसा तोच माल आणखी महाग होतो आणि सण सरला की उतरतो. हा सगळा फरक काही मांसाच्या खरेदीतून येत नसावा. व्याह्यांचा मान राखायलाच हवा, ही आंटींची अडचण आहे, आणि त्या अडचणीचेच पैसे घेतले जातात. हे मला अन्यायाचं वाटतं.

शटर पूर्ण वर जातं. आंटी स्टूल मिटतात, बटवा काढतात. रांग दोन पावलं सरकते.

तुम्ही या दिवसांत सिंगापूरला आलात आणि बाक क्वा नुसता चाखायचा असेल, तर नववर्ष उलटून पंधरा दिवस जाऊ द्या. भाव उतरलेला असतो, आणि सणाच्या रांगेतली एक जागा ज्याला खरोखर हवी त्याला मिळते.