विष अंगात शिरते कुठून?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. फवारणी काही त्या वर्षी नव्याने सुरू झाली नव्हती. मग हा अनर्थ तेव्हाच का व्हावा?

आधी विषाचे काम पाहू. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस गटातली. आपल्या मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूला निरोप देते आणि एक विकर त्याला लगेच मोडून टाकते. ही कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात. निरोप थांबतच नाही. घाम सुटतो, लाळ गळते, बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडतो. अळीतही हेच विकर असते, माणसातही. म्हणजे प्रश्न उरतो तो मात्रेचा.

ही मात्रा वावरात ठरते. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा वर मारायचा आणि खाली तोंडावर घ्यायचा. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना दाद देईनाशी झाली होती. फवारण्या वाढल्या, दोन-तीन औषधे एकत्र कालवली गेली. हातपंपाच्या जागी यंत्रावर चालणारे, बारीक तुषार उडवणारे पंप आले होते. तुषाराचा व्यास निम्मा केला की एका थेंबाचे आठ होतात आणि प्रत्येकाचा खाली येण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. तेवढा वेळ ते हवेत, म्हणजे नाकासमोर राहतात. त्यात फवारणारा पुष्कळदा रोजंदार. उकाड्यात मुखवटा सोसत नाही, घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटतो. बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी. औषध कोणते, किती, हे सांगणारा दुकानदार, आणि उधारी देणाराही बहुधा तोच!

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातही कापूस हेच नगदी पीक. तिथली बोंडअळी जुन्या औषधांना जुमानेना, म्हणून १९९९ साली एंडोसल्फान आले. लगेचच उत्तरेकडच्या बोर्गू भागात माणसे दगावू लागली. पण तिथे विष बऱ्याच जणांच्या पोटात गेले ते जेवणातून. उधारीवर औषध मिळायचे ते कपाशीसाठी. मक्याला, चवळीला वेगळे काही नाही. तेव्हा कपाशीचेच औषध धान्यावर मारले गेले, आणि रिकामे डबे स्वयंपाकघरात पोचले. आम्हाला ही तुलना महत्त्वाची वाटते, कारण मुखवटे वाटून बेनिनमधले हे मृत्यू टळले नसते.

वर्गात हे दाखवता येईल. कोरा, कधीही औषध न भरलेला फवारा घ्यावा, पाण्यात नीळ कालवावी. एका विद्यार्थ्याला जुना पांढरा सदरा घालून आधी गुडघ्याच्या उंचीवर फवारायला सांगावे, मग दुसऱ्याला तसाच सदरा घालून डोक्याच्या वर. दोन्ही सदरे दोरीवर शेजारी शेजारी टांगून गळ्याजवळचे ठिपके मुलांनाच मोजू द्यावेत.