मोरीतली माशी आणि वालुमाशी

पावसाळा आला की घरात भिंतींवर बारीक माश्या दिसायला लागतात. आपण सगळ्यांनाच चिलटं म्हणून मोकळ्या होतो. पण यातल्या दोघी नीट ओळखायला हव्यात. दिसायला दोघी केसाळ, एकाच कुळातल्या. पण एक निरुपद्रवी आणि दुसरी मुलांच्या जिवावर उठणारी.

पहिली मोरीच्या जाळीजवळ बसलेली असते. काळपट, गुबगुबीत. पंख रुंद, बसल्यावर छपरासारखे अंगावर उतरलेले. ही सायकोडा किंवा क्लॉग्मिया प्रजातीतली. क्लॉग्मियाच्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतात. या चावत नाहीत. जाळीखालच्या चिकट घाणीत त्यांची अंडी असतात. ब्रशने घासून ती घाण काढली की माश्या कमी होतात.

दुसरी वालुमाशी. डासापेक्षा खूप लहान, मातकट रंगाची, लांब पायांची, पाठीत कुबड असलेली. पंख अरुंद, टोकदार. मुख्य खूण ही, की बसल्यावरही तिचे पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे राहतात. ती भिंतीवर उड्या मारत सरकते, कानाशी गुणगुणत नाही. मादी चावते, तेही बहुधा रात्री.

वालुमाशीतही प्रजाती आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पोटावरचे केस ताठ उभे दिसले तर फ्लेबोटोमस, आडवे निजलेले दिसले तर सर्जेंटोमिया. पहिली माणसांना आणि गुराढोरांना चावते, दुसरी मुख्यतः पाली-सरड्यांना. हे काम तज्ज्ञांचं. आपण पंख पाहावेत, तेवढं पुरे.

वालुमाशीतून चांदीपुरा विषाणू पसरतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये तो सापडला, म्हणून हे नाव. २००३ मध्ये विदर्भात आणि आंध्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने अनेक मुलं नेली. अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके, मूल गुंगीत जाणं, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका, अंगारे-धुपारे करू नका, थेट दवाखाना गाठा. यावर लस नाही, एक-दोन दिवसांतच प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते.

वालुमाशी साठलेल्या पाण्यात वाढत नाही. भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचा ढीग ही तिची घरं. तेव्हा भेगा लिंपून घ्या, उकिरडा घरापासून लांब ठेवा, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरते, म्हणून बारीक विणीची घ्या. उभ्या पंखांची माशी दिसली तर आशाताईंना कळवा, फवारणीची मागणी करा.

तर मैत्रिणींनो, आज रात्री बॅटरी घेऊन गोठ्याची भिंत एकदा पाहाच.