निरभ्र आकाशातल्या रेघा

गेल्या डिसेंबरात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना मी एक फोटो काढला. खाली ओली वाळू, मध्ये समुद्राची काळपट पट्टी आणि वरचं दोन तृतीयांश नुसतं आकाश. क्षितिजाशी केशरी, मग फिकट पिवळं, आणि नेमकं कुठून सुरू झालं ते सांगता येऊ नये असं निळं. घरच्या भिंतीसाठी दोन फूट रुंदीची प्रत काढायची होती, म्हणून संगणकावर रंगांना थोडा उठाव दिला आणि फाइल छापायला दिली. संध्याकाळी दुकानातून फोन आला, "ताई, तुमच्या आकाशात पट्टे दिसतायत. तसंच छापू का?"

छापू नका म्हटलं आणि फोटो पुन्हा उघडला. पट्टे होते. सूर्य जिथे बुडाला त्या जागेभोवती, पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी पुसट वलयं, एकावर एक. एकदा दिसल्यावर मला त्या फोटोत दुसरं काहीच दिसेना.

डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी भेटतं, आणि ते बहुतेकदा आकाशातच भेटतं. ताज्या चुन्याच्या भिंतीवर बोटाचा ठसाही दिसतो, दगडी भिंतीवर चिखल उडाला तरी लक्षात येत नाही. झाडी, गर्दी, खडक यांच्या फोटोत कॅमेऱ्याचे दोष खपून जातात. आकाशाला लपवायला काही नसतं. म्हणून रेघ दिसली की ती पुसायला धावण्याआधी तिचा आकार पाहावा. ती कुठून आली हे बहुतेक वेळा त्या आकारातच लिहिलेलं असतं.

माझ्या रेघा सूर्याभोवती वळल्या होत्या. म्हणजे त्या आकाशातल्या उजेडाच्या उताराला धरून चालल्या होत्या. कॅमेऱ्याच्या आतल्या यंत्राला सूर्य कुठे आहे याचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे अशा वळणदार पट्ट्यांचा उगम बहुतेकदा आकड्यांत असतो. साध्या जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. तिन्ही मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा होतात, आणि त्या भरपूर वाटतात. पण आकाशाच्या वाट्याला त्यातल्या किती येतात ते बघा. समजा आकाशाने फोटोतली २४०० पिक्सेल उंची व्यापली आहे आणि तेवढ्यात एका रंगाचा आकडा १५० वरून १९० वर जातो. म्हणजे ४० पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी ६० पिक्सेल रुंद. सहा हजार पिक्सेलचा फोटो दोन फुटांवर छापला की ती पायरी सहा मिलिमीटरची होते. आकाशाचा उतार अखंड होता, आपण त्याचा जिना केला.

एका आकड्याची पायरी सहसा डोळ्याला कळत नाही. पण मी उठाव दिला होता. रंग निवडण्याचं साधन आकाशावर धरून मी माउस सावकाश वर सरकवत नेला आणि आकडे वाचत गेले. १६१, १६१, १६१, बराच वेळ १६१, आणि मग एकदम १६३. त्यानंतर १६५. मधले सम आकडे त्या आकाशात कुठेच नव्हते. उठाव देताना पायऱ्या ताणल्या गेल्या, नवीन पायऱ्या मात्र आल्या नाहीत. ही तपासणी प्रत्येकाने एकदा करून पाहावी, कारण तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. आकडे १६१, १६२, १६३ असे शिस्तीत चढत असतील आणि तरीही पट्टे दिसत असतील, तर फाइल निर्दोष आहे आणि दोष बहुधा पडद्याचा आहे. स्वस्त पडद्यांपैकी पुष्कळ प्रत्येक रंगाच्या ६४ च पायऱ्या खऱ्या दाखवतात आणि उरलेल्यांचा आभास निर्माण करतात. तोच फोटो दुसऱ्या पडद्यावर पाहिला की शंका फिटते.

यात आपल्या डोळ्यांचाही हात आहे. दोन सपाट छटा शेजारी आल्या की त्यांच्या सीमेवर उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद भासते. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचं वर्णन केलं. कडा शोधणं हे डोळ्याचं जन्माचं काम. वासराला गवतातला वाघ दिसावा म्हणून जे उपयोगी पडलं, तेच आकाशातल्या एकदोन आकड्यांच्या फरकाला रेघ करून दाखवतं.

उपाय दोन, आणि मला दोन्ही लागले. पहिला म्हणजे मुळाकडे जाणं. कॅमेऱ्याने रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने नोंदवलेल्या मूळ आकड्यांची फाइल, ठेवली होती, १४ बिटची. तिच्यात २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या असतात. उठाव तिच्यावर दिला, सगळं काम १६ बिटमध्ये केलं आणि आठ बिटवर, म्हणजे २५६ पायऱ्यांवर, अगदी शेवटी उतरले. बहुतेक वलयं गेली. वरच्या निळ्यात दोनतीन राहिली, तिथे दुसरा उपाय केला. त्या आकाशावर मी मुद्दाम बारीक रवा पेरला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा आकडा अगदी किंचित, कसाही, वरखाली केला. वलयं नाहीशी झाली.

चांगला फोटो म्हणजे स्वच्छ फोटो अशी आपली समजूत असते, म्हणून हा उपाय पटायला वेळ लागतो. पण व्यक्तिचित्राची रांगोळी काढणाऱ्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. गालाचा रंग कानाकडे गडद करत नेताना त्या दोन रंगांमध्ये रेघ ठेवत नाहीत. चिमटीतून एका रंगाचे कण दुसऱ्यात विरळ विरळ सोडत जातात, आणि लांबून पाहणाऱ्याला मधली छटा दिसते, जी डबीत नसतेच. डिजिटल चित्रांच्या बाबतीत ही युक्ती लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये मांडली. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटची उभारणी पुढे ज्यांनी केली तेच हे रॉबर्ट्स. मोजक्याच पायऱ्यांत चित्र पाठवायचं असेल तर आधी त्यात थोडा गोंगाट, म्हणजे असाच विस्कळीत रवा, मिसळा, पट्टे मोडतात. डोळा नियमित गोष्ट लगेच पकडतो, विस्कळीत गोष्ट सोडून देतो. म्हणूनच गोंगाट पार पुसून काढणाऱ्या सफाईनंतर आकाशात पट्टे उलट ठळक होतात.

वलयांऐवजी आकाशात चौकोनी ठिगळं दिसली तर जेपेगची दाबणी जास्त झाली आहे. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करते, आणि फार दाबलं की तुकड्यांचे सांधे दिसतात. मोबाइलवरून चार हातांतून फिरून आलेल्या फोटोचं हेच होतं. मूळ फाइल मागवा, दुसरा इलाज नाही.

फोटोच्या कडेला अगदी समांतर, पट्टीने आखाव्यात तशा सरळ रेघा असतील तर गोष्ट निराळी. माझ्या भाच्याने भंडारदऱ्याला आकाशगंगेचे फोटो काढले, घरी येऊन अंधार उजळला, आणि आकाशभर बारीक आडव्या रेघा उमटल्या. सेन्सर हातमागाच्या कापडासारखा मानला तर हे समजायला सोपं जातं. त्यातले पिक्सेल एकेका आडव्या ओळीने वाचले जातात, आणि बहुतेक सेन्सरमध्ये प्रत्येक उभ्या रांगेच्या टोकाला तिचं मोजमाप करणारं वेगळं मंडल असतं. एक ओळ वाचताना विजेचा दाब केसभर हलला की तो फरक अख्ख्या ओळीत जातो. एक धागा सैल राहिला की कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत रेघ दिसते, तसं. भरपूर उजेडात हा फरक बुडून जातो. अंधार उजळताना आपण उजेडाबरोबर त्यालाही वाढवतो.

पडताळा सोपा आहे. कॅमेरा उभा धरून तोच फोटो काढा, रेघाही त्याच्याबरोबर उभ्या झाल्या तर त्या आकाशातल्या नाहीत. नाहीतर लेन्सला झाकण लावून, तोच आयएसओ ठेवून, काळोखाचे दोन फोटो काढा आणि दोन्ही खूप उजळून पाहा. आडव्या रेघा सहसा दोन फोटोंत वेगवेगळ्या असतात, उभ्या बहुधा त्याच जागी राहतात. जागेवर राहणारा दोष वजा करता येतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली वेधशाळेत २ मीटरची दुर्बीण आहे. तिथे काय किंवा हौशी आकाशनिरीक्षकाच्या गच्चीवर काय, असे कोरे फोटो काढून मूळ फोटोतून वजा करणं हा रोजच्या कामाचाच भाग असतो. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी फोटो काढतानाच जास्त उजेड घे. मिणमिणतं काढून घरी उजळण्याची सवय या रेघांना आमंत्रण देते.

तिरप्या रेघांकडे मात्र मी आदराने पाहते, कारण त्या आकाशातल्या असू शकतात. जमिनीपासून साधारण ५५० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. वीस सेकंदांचं शटर उघडं ठेवलं तर तेवढ्यात तो दीडशे किलोमीटर जातो आणि मागे एकसारखी सरळ रेघ ठेवतो. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम सोडले गेले, त्यानंतर अशा रेघा खूप वाढल्या. विमानाची रेघ दिव्यांच्या उघडझापीमुळे ठिपक्यांची असते. उल्केची दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. शंका असेल तर लागोपाठचे फोटो पाहावेत. उपग्रह पुढच्या फोटोत पुढे सरकलेला असतो, उल्का दुसऱ्यांदा भेटत नाही.

माझा आंजर्ल्याचा फोटो शेवटी छापला गेला. छापण्याआधी पुन्हा फोन आला होता. वलयं गेली आहेत, पण वर उजव्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी एक तिरपी रेघ राहिली आहे, ती काढून टाकू का? मी मिनिटभरानंतर काढलेला दुसरा फोटो उघडून पाहिला. त्यातही ती होती, थोडी लांबलेली, थोडी उत्तरेला सरकलेली. खूप उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या धुरातली वाफ गोठून झालेले बर्फकण होते ते. खाली किनाऱ्यावर सूर्य बुडाला होता, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात ती रेघ केशरी झाली होती. मी म्हटलं, ती राहू द्या.