सहलीच्या गावी भाड्याची दुचाकी : आधी कागद, मग किल्ली

रोज सकाळी दहापासून लोकांचे अर्ज तपासणे हे माझे काम. सही कुठे राहिली, झेरॉक्सवर तारीख का नाही, मागच्या पानावरच्या अटी वाचल्या का, हे विचारण्यात माझी वीस वर्षे गेली. वस्तीतल्या बैठकीतही माझे एकच सांगणे असते, "वाचल्याशिवाय सही करू नका." तोच मी अंदमानच्या एका बेटावर, समुद्राचा वारा अंगावर घेत, एका छापील कागदावर न वाचता सही करून मोकळा झालो. त्याची किंमत माझ्या पत्नीच्या मनगटाने आणि मुलीच्या कपाळाने मोजली. चूक माझी होती. ती दुसऱ्या कोणा कुटुंबाकडून होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वडिलांच्या पिढीला सुट्टी म्हणजे गावी जाणे एवढेच ठाऊक होते. आज आपल्यातले अनेक नोकरदार रजा प्रवास सवलत घेऊन दूरवर जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. आम्हीही डिसेंबरअखेरीस सहकुटुंब अंदमानला गेलो. पूर्वीचे पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचे श्रीविजयपुरम. हे नाव २०२४ साली बदलले. तिथून बोटीने आम्ही स्वराज द्वीपला उतरलो. २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते आणि बोलताना लोक अजूनही तेच नाव घेतात. धक्क्यापासून राधानगरचा प्रसिद्ध किनारा दहा-बारा किलोमीटरवर आहे. बस मोजक्या, रिक्षाचे भाडे प्रत्येक फेरीला वेगळे. अशा ठिकाणी भाड्याची स्कूटर घेणे सोयीचे आणि स्वस्तही पडते. आम्ही ती पाचशे रुपये रोजाने घेतली. भाड्याची गाडी घेऊच नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती कशी घ्यावी आणि कशी चालवावी, एवढाच प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी काय झाले

दुकानदाराने एक बरे हेल्मेट दिले. दुसऱ्याचा पट्टा तुटलेला होता, म्हणून ते आम्ही दुकानातच ठेवले. अनामत म्हणून त्याने माझा मूळ वाहन परवाना मागितला, मी दिला. गाडीवर जुने ओरखडे होते, ते पाहिले आणि सोडून दिले. दहा वर्षांची मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये बसली. "गावाकडे तर चारचार जण बसतात," असे मीच हसून म्हणालो.

राधानगरचा सूर्यास्त पाहून मन भरत नव्हते. पत्नी दोनदा म्हणाली, "अहो, उजेड आहे तोवर निघू या." मी म्हणालो, "थांब गं, एवढ्या लांब पुन्हा कधी येणार?" इथेच घात झाला. अंदमान देशाच्या अगदी पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा तासभर किंवा त्याहूनही आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि संधिप्रकाशही फार वेळ टिकत नाही. मुंबईत ज्या वेळी आपण कार्यालयातून निघण्याची तयारी करतो, त्या वेळी तिथे काळोख असतो. परतीचा रस्ता झाडीतून, चढउतारांचा आणि वळणांचा.

एका उतारावर समोरून जीप आली. तिच्या दिव्यांनी डोळे दिपले. मी गाडी कडेला घेतली, तिथे वाळू होती, आणि घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचे चाक घसरले. क्षणभराने तिघेही जमिनीवर होतो. माझ्या डोक्याला हेल्मेट होते, मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मुलीच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि पत्नीचा हात वाकडा झाला होता. तिने त्याही अवस्थेत दुसऱ्या हाताने ओढणी मुलीच्या जखमेवर दाबून धरली. मागून आलेल्या एका स्थानिक रिक्षावाल्याने आम्हाला आरोग्य केंद्रात पोहोचवले. मुलीला तीन टाके पडले, पत्नीच्या हाताला आधार बांधून दिला. दुसऱ्या दिवशी बोटीने श्रीविजयपुरमला गेलो, तेव्हा कुठे प्लास्टर झाले. बेटावर मोठे उपचार म्हणजे मधे समुद्र असतो, ही गोष्ट सूर्यास्त पाहताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

गाडी परत करताना दुकानदाराने चार हजार रुपये मागितले. त्यातले अर्धे ओरखडे जुने होते, पण माझ्याकडे फोटो नव्हता, आणि माझा परवाना त्याच्या गल्ल्यात होता. कागदावर लिहिले होते, "सर्व नुकसानीस भाडेकरू जबाबदार." खाली माझी सही होती. पैसे मोजून मी परवाना सोडवून घेतला.

किल्ली घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट परवान्याची. चारचाकीचा परवाना दुचाकीला चालत नाही. परवान्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला हवा, आणि गियरची मोटारसायकल घ्यायची तर गियरचा. दुसरी गोष्ट नंबरपाटीची. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. दुचाकी भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी १९९७ ची केंद्राची योजना आहे, त्याखाली परवाना घ्यावा लागतो. पांढऱ्या पाटीची कोणाची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

विम्याचेही नीट समजून घ्यावे. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपल्याकडून दुसऱ्याचे नुकसान झाले तर उपयोगी पडतो. भाड्याच्या गाडीची मोडतोड त्यातून भरून निघत नाही. गाडीचे नुकसान झाले तर कोणी किती भरायचे, हे कागदावर आकड्यात लिहून घ्यावे.

मूळ परवाना, आधार कार्ड वा पासपोर्ट अनामत म्हणून कधीही देऊ नये. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर आडवे लिहावे, "फक्त दुचाकी भाड्याने घेण्यासाठी," खाली तारीख आणि सही. रोख अनामत दिली तर पावती घ्यावी. दुकानदाराच्या देखत गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, मीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा त्यात यावा. मग दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, हॉर्न, आरसे आणि टायरची नक्षी पाहावी. दुकानासमोर एक फेरी मारावी. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात.

हेल्मेट दोन मागावीत. आयएसआय खूण असलेले, डोक्याला घट्ट बसणारे आणि पट्टा लागणारे हवे. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते. मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

गाडीवर बसल्यावर

दुचाकीवर चालक आणि मागे एकच माणूस, हा कायदा आहे. मूल लहान असले तरी ते माणूसच. तिसरे माणूस बसवले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद. हेल्मेट नसले तरी शिक्षा तीच. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चौघांच्या कुटुंबाने दोन स्कूटर घ्याव्यात किंवा सरळ रिक्षा करावी. मुलाला पुढे पायाशी उभे करू नये. त्याचा हात मुठीवर पडला की गाडी सुटते. त्याच कारणाने चालू स्कूटर हाताने ढकलू नये. साडीचा पदर, ओढणी आवळून बांधावी, ती मागच्या चाकात जाते.

वाळू, ओला रस्ता, पडलेल्या नारळाच्या झावळ्या, रस्त्यात बसलेली गुरे ही बेटावरची नेहमीची विघ्ने. वळणाआधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावेत. वाळूवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. उतारावर इंजिन बंद करू नये. समुद्रात न्हाऊन अर्ध्या चड्डीत, उघड्या पायांनी गाडी चालवली तर साध्या पडण्यातही कातडी सोलून निघते. दारू घेतली असेल तर किल्लीला हात लावू नये. आणि सूर्यास्त पाहायचाच असेल, तर परतीची रिक्षा आधी ठरवून जावे.

पडलोच तर

जखमीला आधी रस्त्याच्या कडेला घ्यावे आणि ११२ ला फोन करावा. डोक्याला मार असेल तर "ठीक वाटते" म्हणून घरी बसू नये. मदत करणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. पोलीस त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. हे ठाऊक असले तर पैशाच्या चिंतेत वेळ जात नाही.

घरी मी कधी हेल्मेटशिवाय निघालो नाही, मुलीला कधी मध्ये बसवले नाही, न वाचता सही केली नाही. सुट्टीत मात्र तिन्ही एका दिवसात केले. सुट्टी आपल्याला असते, रस्त्याला नसते. मुलीच्या कपाळावर आता बारीक खूण राहिली आहे. ती आरशात पाहून म्हणते, "पप्पा, दिसत पण नाही." मला ती रोज दिसते.