वि. स. पागे यांची रोजगार हमी आणि आम्ही खातेदार

उन्हाळ कांद्याची लागण ऐन भरात आली म्हणजे सायखेड्याच्या बाजारपेठेत आणि गोदाकाठच्या मळ्यांत एकच गाऱ्हाणे ऐकू येते. ते म्हणजे मजूर मिळत नाहीत. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून येणाऱ्या टोळ्यांची वाट पाहावी, मुकादमास आगाऊ उचल द्यावी, आणि इतके करूनही रोप वाफ्यातच वाढून जावे, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस आहे. अशा वेळी कोणीतरी हटकून म्हणतो की, सरकारने रोजगार हमी काढून मजुरांना आळशी केले. आपल्या आमदारांनी त्या वेळीच विरुद्ध मत द्यावयास पाहिजे होते. यंदा हेच बोलणे येथील एका बैठकीत ठरावाच्या रूपाने पुढे आले आणि आमचे मत विचारण्यात आले. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमची नोकरी गेली, आणि तीतील काही वर्षे रोजगार हमीच्या टेबलावर गेली. जे उत्तर बैठकीत तोंडी नीट देता आले नाही, ते येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

प्रथम मतदानाची गोष्ट पाहू. आपल्या प्रतिनिधीने गरिबांच्या आधाराच्या कायद्यांवर कोणते मत दिले, हे शोधू जाणाऱ्यास बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. विधिमंडळात विधेयक मतास टाकले म्हणजे पीठासीन अधिकारी तोंडी होकार-नकार विचारतात आणि आवाजावरून निकाल सांगतात. कोणी आग्रह धरून मतविभागणी मागितली, तरच प्रत्येकाचे नाव आणि मत कागदावर चढते. आणि तशी मागणी क्वचितच होते. शिवाय १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाल्यापासून पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. त्यामुळे नोंदलेले मत सापडले, तरी ते सदस्याचे स्वतःचे किती आणि पक्षाचे किती, हे सांगणे कठीण पडते.

रोजगार हमीच्या बाबतीत तर गोष्ट अधिकच विलक्षण आहे. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. विरुद्ध मत कोणाचेच नाही. आणि ज्या गृहस्थांची ही मूळ कल्पना, त्या विठ्ठल सखाराम पागे यांचे मत त्या नोंदीत मुळीच नाही. कारण ते त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते, आणि राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे सभापतीने एरवी मत द्यावयाचे नसते. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच त्यास निर्णायक मत असते. सर्वच सदस्य एका बाजूस असल्यावर तो प्रसंग कोठून यावा? तेव्हा केवळ मतांवरून पाहिले, तर जन्मभर ज्याने या गोष्टीचा ध्यास घेतला त्याचे मत नाही, आणि ज्यांनी केवळ होकार भरला त्यांचे मत आहे, असा चमत्कार दिसतो. अर्थात प्रतिनिधीचे धोरण पारखावयाचे तर दुसरे माप घेतले पाहिजे.

पागे हे सांगली जिल्ह्याचे, गांधीजींच्या विचारांचे आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास सोसलेले. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली त्यांच्या कल्पनेवरून एक प्रयोग सुरू झाला. त्याचे तत्त्व कोणाही शेतकऱ्यास कळेल इतके सोपे होते. शेतास बांध नाही, ओढ्यास बंधारा नाही, विहिरीस पाणी नाही. आणि दुसऱ्या बाजूस वर्षातून कित्येक महिने माणसांच्या हातांस काम नाही. तर मग त्या हातांनी ही कामे करवून घ्यावी आणि मजुरी द्यावी. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यांनी हा विचार मांडला, आणि १९७२ साली तो राज्याची योजना म्हणून हाती घेण्यात आला.

यातील नवेपण कोठे आहे, हे महसुलातील माणसास चटकन दिसते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ संहिता झाल्या, त्यांप्रमाणे काम काढावयाचे ते सरकारने आणेवारी पाहून टंचाई मान्य केल्यावर. म्हणजे उपाशी माणूस आधी, आणेवारीचा कागद त्यानंतर, आणि काम सर्वांच्या शेवटी. पागे यांनी हा क्रम फिरविला. प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावे, आणि न दिल्यास बेकारीचा भत्ता द्यावा, असा हक्क पुढे कायद्याने ठरला. भत्त्याचा आकडा दिवसास किमान एक रुपया इतका अल्प होता. पण सरकारने आपल्याच कसुरीबद्दल रयतेस काही देणे लागावे, ही गोष्ट लहान नव्हती.

योजना सुरू होते न होते तोच १९७२-७३ चा दुष्काळ आला. आपल्या जिल्ह्यात सिन्नर, येवला, नांदगाव या बाजूच्या वडीलधाऱ्यांस त्या वर्षाची खडी आणि सुकडी अजून आठवते. मे १९७३ मध्ये राज्यातील टंचाईच्या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची वस्ती पाच कोटींच्या घरात होती; म्हणजे लेकरे आणि म्हातारे धरून दर दहा माणसांत एक जण सरकारी कामावर होता. त्यांत केवळ भूमिहीन होते असे समजू नये. कोरडवाहू जमिनीचे खातेदारही घमेले उचलीत होते. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा आपल्या मूळ रूपात चालू झाली, तिचा १९७७ साली कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

आता पैशाकडे वळू. कारण आमच्या मते प्रतिनिधीच्या धोरणाचे खरे माप येथेच आहे. गरिबांस काम द्यावे यास 'नाही' कोण म्हणेल? पण त्यासाठी कोणाच्या खिशात हात घालावयाचा, हे ठरविताना पुष्कळांची जीभ अडखळते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. वकील, व्यापारी, पगारदार यांजकडून घ्यावयाचा हा कर रोजगार हमीसाठी होता, आणि त्याचा मोठा भार मुंबई शहराने उचलला. मोटारगाड्यांवर आणि विक्रीवर जादा कर बसला. बागायत जमिनीवर रोजगार हमी उपकर आला. तलाठ्याच्या पावतीवर जमीन महसुलाखाली 'रोहयो' म्हणून जी रक्कम दिसते, ती हीच. या सर्वांच्या वसुलीइतकीच रक्कम सरकारनेही आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. आमच्या स्वतःच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, मिळून वर्षास २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जाई. तेव्हा कुरकुर आम्हीही केली, हे कबूल करतो. परंतु शहराच्या कमाईवर कर बसवून खेड्यातील मजुरास काम द्यावे, हे ज्या सदस्यांनी मान्य केले, त्यांनी नुसता हात वर केला नाही. आपल्या मतदारांची नाराजी पत्करली. ती त्यांच्या धोरणाची साक्ष होय.

या पैशातून खातेदारास काय मिळाले? पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध आणि शिवाररस्ते ही कामे मजुरांच्या घामाने झाली. पण त्यांचे पाणी ज्यांच्या विहिरींत उतरले, ते खातेदारच होते. पुढे जवाहर विहिरींची योजना याच हमीतून निघाली, आणि १९९० पासून फळबागांची लागवड तिच्याशी जोडली गेली. सटाणा, मालेगाव बाजूस कोरडवाहू रानात ज्या डाळिंबाच्या बागा उठल्या, त्यांस या योजनेचा हातभार लागला आहे. आपण उपकर भरला तो फुकट गेला, असे म्हणण्यास जागा नाही. काही ठिकाणी तलावांत गाळ साचला आणि काही बांध पहिल्या पावसात वाहिले, हे खरे. पण तो दोष कामाच्या देखरेखीचा आहे.

मजूर आळशी झाले, या आरोपाचे काय? १९८८ च्या मे महिन्यात हमीची मजुरी शेतमजुराच्या किमान वेतनाशी जोडली गेली, त्या वेळी जमीनदारांची ओरड झाली होती. पण अलीकडचा दर पाहावा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात सरकारी कामाचा दर दिवसास ३१२ रुपये होता. कांदा लागणीच्या टोळीस आपण उक्ते जे देतो, ते माणशी याहून किती अधिक पडते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. द्राक्षाची छाटणी सोडून ३१२ रुपयांसाठी कोण खोदाईवर जाईल? मजूर कमी दिसतो, कारण कांदा, द्राक्ष आणि ऊस मिळून गोदाकाठचे काम वाढले आहे, आणि गावातील पोरे शिकून नाशिकच्या कारखान्यांत गेली आहेत. त्याचे खापर हजेरीपटावर फोडणे न्यायाचे नव्हे.

येथे आमच्याच एका कसुरीची हकीकत सांगणे अवश्य आहे. जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका कचेरीत आम्ही या टेबलावर असता एके दिवशी काही बाया काम मागण्याचा अर्ज घेऊन आल्या. काम काढण्याजोगे जवळ काही नव्हते, आणि वरून तोंडी सूचना होती की अर्ज घ्यावा पण पोच देऊ नये. पोच दिली म्हणजे तारीख पडते, तारीख पडली म्हणजे पंधरा दिवस मोजले जातात, आणि ते भरले म्हणजे भत्ता लागू होतो. आम्ही अर्ज ठेवून घेतला आणि "पुढच्या आठवड्यात या" म्हणून सांगितले. त्या पुढच्या आठवड्यात आल्या, त्याच्याही पुढच्या आठवड्यात आल्या. मग आल्या नाहीत. चौकशी केली, तो बिऱ्हाडे घेऊन उसाच्या तोडीवर गेल्याचे कळले. दोन्ही सभागृहांनी एकमताने जो हक्क दिला, तो आम्ही एक चिठ्ठी न लिहून बुडविला. वरची सूचना होती हे खरे, पण लेखणी आमच्या हातात होती. राज्यभर बेकारीचा भत्ता दिल्याची उदाहरणे इतकी थोडी का, याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी मिळाले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कोणी राग मानू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात आणि चांदोरीत शिरले, तेव्हा पंचनाम्याच्या यादीत आपले नाव यावे म्हणून आम्ही खातेदारांनी किती खेटे घातले, ते आठवावे. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली, तीही आपण नाकारली नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. निसर्गापुढे आणि बाजारभावापुढे शेतकरी एकटा टिकत नाही. पण जो स्वतः पंचनाम्याच्या रांगेत उभा राहिला, त्याने हजेरीपटाच्या रांगेतील माणसास आयतखाऊ म्हणू नये. पंचनाम्याच्या पैशास अंगमेहनत लागत नाही. त्या माणसास तर घाम गाळूनच मजुरी मिळते.

आता ठरावाचा मुद्दा. महाराष्ट्राचा कित्ता पुढे ठेवून संसदेने २००५ साली साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि प्रत्येक कुटुंबास वर्षास १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. तोही आवाजी मतानेच, म्हणून कोणाचे मत कोठे पडले याची यादी येथेही नाही. नव्या कायद्यात दिवस १२५ केले आहेत. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे, आणि खर्चाचा शेकडा ४० हिस्सा आपल्यासारख्या राज्यांवर टाकला आहे. हे ६० दिवस कोणते, हे राज्याने ठरवावयाचे आहे. येथेच आमच्या बैठकीने सावध राहावे. आमची निकड कांदा लागणीची, म्हणजे पौष-माघाची. सुरगाण्याच्या माणसाची शेती भाताची, आणि ती आषाढ-श्रावणात. भात निघाल्यावर त्याच्या घरी काम नसते, तेच आमचे लागणीचे दिवस. केवळ आमच्या सोयीने त्याच्या तालुक्यातील कामे बंद केली, तर तो आमच्या मळ्यात येईल खरा. पण तो दराला राजी होऊन आला की दुसरा मार्ग नाही म्हणून आला, हे आपण आपल्या मनास विचारावे.

म्हणून कामे बंद करा असा ठराव न करता आपल्या आमदारांस तीन प्रश्न लेखी विचारावे, असे आमचे मत आहे. राज्याच्या ४० हिश्श्याची तरतूद अर्थसंकल्पात पूर्ण व्हावी म्हणून आपण सभागृहात काय बोललात? बंदीचे दिवस तालुक्यातालुक्याचा हंगाम पाहून ठरावे, यासाठी काय केलेत? आणि काम मागणाऱ्यास तारखेची पोच मिळते की नाही, हे तालुक्याच्या कचेरीत जाऊन आपण कधी पाहिलेत काय? या प्रश्नांची जी उत्तरे येतील, ती याच मासिकात छापावी. प्रतिनिधीच्या मताची नोंद सभागृहात होत नसेल, तर ती आपण आपल्या दप्तरात ठेवावी.

पागे १९९० साली वारले. उपकराची पावती फाडताना त्यांचे नाव कोणाच्या मनात येत नसेल. पण उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरीस पाझर तलावाचे पाणी आहे, त्यांनी तरी ते विसरू नये. आणि काम मागणारा दारी आला, तर निदान त्याचा अर्ज लिहून द्यावा आणि पोच मागून घेण्यास सांगावे. आम्ही जी चिठ्ठी लिहिली नाही, तिची भरपाई आता आम्हांस एवढ्यानेच करता येते.